एक दात डावीकडे

नट हलला, चाक नाही.
आज चौथा दिवस. रात्री तेल सोडायचं,
सकाळी ओढून बघायचं.
स्टेअरिंग आपलं गप्प, माहेरी रुसून बसल्यासारखं.

अस्मारात, मेडेबर बाजाराच्या मागच्या गल्लीत
आबोय गिर्मायांचं गॅरेज. एक पत्रा, एक खड्डा,
भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने
आणि प्रत्येकामागे रंगवलेली त्याचीच पांढरी सावली,
म्हणजे कोणी काय नेलं ते रिकाम्या जागेवरून कळतं.
पुलरची सावली आहे, पुलर नाही.
तो एकानं केरेनला नेला.
केरेनला गेलेलं काही परत येत नाही.

गाडी फियाट अकराशे, साल अठ्ठावन्न,
रंग एकेकाळी पिस्त्याचा.
मालकीण अदेय लेतेब्रहान दारात उलट्या डब्यावर बसून
सुपात कॉफीच्या बिया निवडते.
उन्हानं रिम तडकलाय, भेगा तळव्याला चिमटे काढतात,
एवढंच तिचं गाऱ्हाणं.
नवं चाक तिनंच आणलंय.
नवं म्हणजे दुसऱ्या मेलेल्या गाडीचं,
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.

"नट पुरता काढू नकोस," आबोय सांगतात, रोजच्यासारखं.
"दोन आटे राहू दे.
सुटलं की ते सुटतं,
समोर कोणाचं तोंड आहे ते बघत नाही."
त्यांचा पुढचा दात सोन्याचा आहे.
मी काही विचारत नाही.

मी सीटवर. गुडघे खालून चाकाला टेकवलेले,
दोन्ही हात रिमवर, पाठ मागे रेटलेली.
ते दांड्याच्या टोकावर पितळेचा तुकडा धरतात
आणि हातोडी अशी मारतात
की दार वाजावं, पण घरातलं मूल उठू नये.
एक.
पुन्हा एक.
मी ओढते. माझ्या मांडीत काहीतरी तुटेल असं वाटतं,
आधी मी की आधी ते

कडाड.

गोळी सुटावी तसा आवाज.
बाजारातल्या सगळ्या हातोड्या एकदम थांबल्या.
ज्यांचं तेवढं वय आहे ते खाली वाकले,
ज्यांचं नाही ते हसले.
अदेय जागची हलली नाही,
बिया मात्र सगळ्या मातीत.

चाक माझ्या नाकापासून वीतभर अलीकडे
दोन आट्यांवर अडलेलं.

गंजाखाली दांडा कोरा, दाते जसेच्या तसे.
त्यावर छिन्नीची एक खूण, चाकाच्या घरात दुसरी.
समोरासमोर हव्यात. एक दात सरकलेल्या.
"कुठल्या गाढवानं बसवलं होतं हे?" मी म्हणाले.

आबोयांनी चष्मा पुसला. परत घातला. परत पुसला.
छिन्नीच्या खुणेची एक कड तुटकी.
तशी छिन्नी भिंतीवर आहे, तिसऱ्या खिळ्याला.
तेव्हा ते माझ्याएवढे असतील.

अदेय उठून आली, चोळीला हात पुसत.
"रस्ता सरळ असला तरी चाक कललेलं असायचं," ती म्हणाली.
"हाब्तेझ्गी म्हणायचा, माझाच खांदा वाकडा.
मस्सावाच्या डॉक्टरला दाखवला,
मलम आणलं, दोन हिवाळे मी चोळलं."
आबोय खाली खड्ड्यात बघत राहिले,
तिथं काहीच नव्हतं.
मग म्हणाले, "आता कसं बसवू?"

मला वाटलं होतं ती म्हणेल, होतं तसंच.

"सरळ बसव," ती म्हणाली,
"आणि डॉक्टरचे पैसे बिलातून काप.
मलमाचेही."

त्यांनी कापले. पेन्सिलीनं, हिशेब दोनदा करून.

जुनं चाक तिनं नेलं नाही.
संध्याकाळी आबोयांनी भिंतीत एक खिळा ठोकला
आणि पांढऱ्या रंगाचा डबा माझ्याकडे सरकवला.
मी चाक भिंतीला धरून कडेनं ब्रश फिरवला.
रंग ओला आहे, चाक खाली ठेवलंय.
गुडघे अजून ठणकतात.